खाऱ्या पाण्याचा पाट

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. चेहरा लगेच येतो, हात त्याहून लवकर येतात, आवाज मात्र मागं राहतो. आज तो सकाळपासून येतोय, म्हणून लिहायला बसलो. ऐकून तुम्ही हसाल. इथं शहरात, हर्सूलच्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी आहे. वरच्या वावरातल्या बोअरला मचूळ पाणी लागलं तेव्हा तुम्ही एक घोट तोंडात घेऊन थुंकलात आणि म्हणालात, "बुजवा रं हे. याच्यावर काय बी येणार नाय." आणि इथं तुमचा मुलगा विकतचं मीठ बादलीत कालवून पाणी मुद्दाम खारं करतो. नळाला पाणी येतं त्या दिवशी गल्लीत सगळ्यांची पळापळ असते, माणसं पिंप भरत असतात, आणि मी त्यातलं थोडं माशांसाठी बाजूला काढतो. शेजाऱ्यांना हे कळू नये म्हणून तेव्हा दार लोटून घेतो.

टाकी माझी नाही, तुमच्या सुनेची. आणि खरं म्हणजे सुरुवात तुम्हीच करून दिलीत. लग्नानंतर ती पहिल्यांदा पाचोडला आली तेव्हा चुलीपुढं बसून तुम्ही आजीच्या माळेतलं उरलेलं एक पोवळं तिच्या हातावर ठेवलं होतं. ती शाळेत शिकलेली, तिला प्रश्न विचारायची सवय. "मामा, हे झाड असतं का दगड?" आई पदराआड हसली, कारण सासऱ्याला असं कोणी विचारत नसे. तुम्ही पोवळं उजेडाकडं धरून पाहिलंत. "मला काय ठावं, पोरी. समुद्रात आसतं म्हणं. तुला दिसलं तर सांग मला." तुम्ही समुद्र पाहिला नाहीत, तिनंही फार उशिरा पाहिला. पण ते तिच्या डोक्यात राहिलं. पुढं एका दाताच्या दवाखान्यात तिला अशी टाकी दिसली, जिवंत पोवळ्यांची. घरी आली ती तेच बोलत आली. झाडही नाही, दगडही नाही, तो एक जीव असतो, आतून मऊ, खाली स्वतःच्या अंगानं दगड बांधत जातो. "मामांना सांगायचं राहिलं," म्हणाली. तुम्ही तेव्हा नव्हतात. मग शिकवण्या घेऊन तिनं हळूहळू ही टाकी उभी केली. मी वाळूजच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, माझा जीव खोक्यांत आणि नटबोल्टांत. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त म्हणायचो, "घरात मिठागर मांडलंस." ती म्हणायची, "तुमच्या ढेकळांच्या डोक्यात नाही शिरायचं ते."

मागच्या वर्षी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात, पण शब्द सापडत नाहीत. पाय थोडासा परत आला, बोलणं आलं नाही. एकच शब्द आला. मी तिला सकाळी खुर्चीत टाकीसमोर बसवायचो. टाकीतलं एक पोवळं, झुपक्यासारखं, हिरवट टोकांचं, दिवे लागले की फुलायचं आणि पाण्याबरोबर डुलायचं. एका सकाळी ते उघडलं आणि ती स्पष्ट म्हणाली, "फूल." मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो, ते उतू गेलं. त्यानंतर रोज सकाळी ते उघडलं की ती तेवढं म्हणायची. बोलायचे व्यायाम शिकवायला जी मुलगी येते ती म्हणाली, "काका, हा शब्द जपा. तो जिथून आलाय तिथूनच बाकीचे येतील." दादा, आमच्या घरात दिवसभरात तेवढंच बोलणं होतं. ते त्या पोवळ्याच्या उघडण्यावर लटकलेलं होतं, आणि पोवळ्याचं उघडणं एका पंपावर.

हा पंप आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखा नाही. हा पाणी उपसत नाही. टाकीतल्या टाकीत फिरवतो, बस्स. पाणी कुठं जातं, असं तुम्ही नक्की विचाराल. कुठंच जात नाही. पण पोवळं जागचं हलत नाही, म्हणून त्याचं खाणं, त्याचा श्वास, त्याची घाण, सगळं पाण्यानं आणायचं आणि पाण्यानं न्यायचं असतं. समुद्रात ते काम लाटा करतात. तिचा पंप चांगल्या कंपनीचा होता, पण तो दर महिन्याला काढून व्हिनेगरमध्ये भिजवावा लागतो, नाहीतर आत चुना धरतो. हे ती करायची. मला ते माहीतच नव्हतं. ती पडल्यावर महिनेच्या महिने तो तसाच चालला आणि कुरकुरायला लागला. मी हात लावून पाहिलं तर गरम लागला. तुम्ही मोटारीच्या अंगावर तळवा ठेवायचात, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणायचात, "दमली रं. बंद कर. हिरीत बी पानी चढू दे." विहिरीचे झरे भरेपर्यंत आपण लिंबाखाली बसायचो, तुम्ही तंबाखू मळायचात, आणि मला वाटायचं की जगात विसावा नावाची एक गोष्ट आहे जी यंत्रालासुद्धा लागते. मी तेच केलं. दुपारी ती झोपली की पंप बंद करायचा, उठली की चालू. आपण त्याचं आयुष्य वाढवतोय असं मला मनापासून वाटत होतं. एका दुपारी बटण दाबलं तर नुसतं गुणगुणणं ऐकू आलं, पातं फिरेना. फिरत होता तोवर आत धरलेल्या चुन्याला पातं अडवता येत नव्हतं, थांबल्यावर त्यानं ते धरलं. इथं विसाव्यानंच मारलं, दादा. आणि तसं पाहिलं तर मी त्या पोवळ्याचा श्वास कितीतरी दुपारी बंद करत होतो.

तो दिवस आणि पुढचा दिवस मी आंघोळीच्या मगानं टाकीतलं पाणी ढवळत बसलो. रजा टाकली होती. ती खुर्चीतून माझ्याकडं पाहत होती. तिला काय चाललंय ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं आणि तिला ते सांगता येत नव्हतं. तिचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होता. मी विचारलं, "काय करू? सांग ना." ती तोंड उघडायची आणि मिटायची.

औरंगपुऱ्याच्या पलीकडं एक माशांचं दुकान आहे. दुकानदार म्हातारा, तिला चांगला ओळखणारा. तिच्या कंपनीचा पंप आमच्या आवाक्यात नव्हता, औषधांनंतर काही उरत नाही. मी म्हणालो, स्वस्तातला दाखवा, पण जोरदार. त्यानं एक मोठा काळा पंप काढला आणि लगेच हात मागं घेतला. "काका, ये नक्को. जोर लई है, पण सगळा एकाच धारेत. कायको इतना बडा? घर में समंदर है क्या?" मी म्हणालो, "असू द्या. कमी पडण्यापेक्षा जास्त बरा." आपल्याकडं कोण कमी ताकदीची मोटार बसवतं? शेजाऱ्याची पाचची असली की आपली साडेसातची. म्हातारा म्हणाला, "ले जाव. मग बोलू नका, चाचानं सांगितलं नाही. बाईसाहेब असत्या तर त्यांनी तुम्हालाच टाकीत बुडवलं असतं." मी हसलो. खूप दिवसांनी हसलो असेन. घरी येऊन पंप लावला. पाणी असं उसळलं की मला समाधान वाटलं. पोवळं एका बाजूला आडवं झालं होतं. मला वाटलं, डुलतंय.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावून मागं वळलो तर पोवळ्याच्या एका अंगाचं मांस सुटून पांढरा दगड दिसत होता. आणि तेव्हा तुम्ही आलात, आवाजासकट. मी चौथीत असेन. तुम्ही मला पहिल्यांदा दारं धरायला उभं केलंत, हातात खोरं दिलंत आणि बांधावर गेलात. एका वाफ्याचं तोंड फोडायचं, तो भिजला की मातीनं बंद करायचं, मग पुढच्याचं. मला घाई. मी पाटाचं तोंड एकदम उघडलं आणि नुकती उगवलेली मेथी वाफ्यासकट वाहून बांधाला लागली. तुम्ही धावत आलात. "आरं ए, त्या मेथीला काय पूर दाखवतो व्हय? मास्तरांनी हेच शिकवलं का? तिला प्यायचंय, पोहायचं नाय." मारलं नाहीत. माझ्या हातातलं खोरं काढून घेतलंत, पाटाला दोन लहान तोंडं पाडलीत, एक इकडून, एक तिकडून, आणि पाण्यात गव्हाचं काड टाकून म्हणालात, "बघत बस. काड कुठं अडतं ते सांग." काड ज्या कोपऱ्यात थांबलं तिथं पाणी पोचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तो राक्षस परत घेऊन गेलो. म्हाताऱ्यानं तो पुसून खोक्यात ठेवला. त्यानं बदल्यात दोन लहान पंप दिले, अगदी साधे, आणि एक यंत्र दिलं जे दोघांना आळीपाळीनं चालवतं. थोडा वेळ डावीकडून, थोडा वेळ उजवीकडून. चोवीस तास, विसाव्याशिवाय. मी ते समोरासमोर लावले आणि धार पोवळ्यावर न जाता समोरच्या काचेवर आपटून पसरेल असं केलं. मग माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यात सोडली आणि काड पाहावं तशी पाहत बसलो. मागच्या कोपऱ्यात दोन कण अडकले. एक पंप बोटभर वर सरकवला. पुन्हा चिमूट. आता काहीच कुठं अडत नव्हतं. दादा, तुम्ही पाहायला हवं होतं. खाऱ्या पाण्याचा पाट इतका सुरेख मी कधी पाहिला नाही. मासे त्यात तोंड फिरवून खेळत होते. मी मागं वळून तिला म्हणालो, "जमलं बघ ढेकळाला." ती टाकीकडं पाहतच नव्हती. खिडकीकडं पाहत होती.

पोवळं त्यानंतर उघडलं नाही. मांस एका बाजूनं सुटत गेलं, रोज थोडं, आणि शेवटी पांढरा दगड राहिला, तिनं चुलीपुढं विचारलं होतं त्याला तुम्हाला दगडच आहे म्हणून सांगता आलं असतं असा. ती सकाळी खुर्चीत बसायची, दिवे लागायचे, ती वाट पाहायची आणि काही म्हणायची नाही. तुमची थोरली, अक्का, येऊन गेली. म्हणाली, "आरं, बायको बघ का मासे बघ. काढून टाक ते. आन् तिला पोळी मऊ करून देत जा." अक्काचं चूक नाही. तिला मी सांगू शकलो नाही की दोन्ही एकच आहे. व्यायाम शिकवणारी मुलगी 'फूल' लिहिलेलं रंगीत चित्र घेऊन आली. तुमच्या सुनेनं चित्राकडं पाहिलं आणि मान वळवली.

तुम्ही संध्याकाळी मारुतीपुढं उभे राहायचात ते मला नेहमी आठवतं. तुम्ही कधी मागत नव्हतात, सांगत होतात. आज कांद्याला पाणी दिलं. आज गाय व्याली. एवढं सांगून चपला घालायच्या. मीही आजवर तसाच उभा राहत आलो, पोथीचं पान वाचतो, दिवसभराचं सांगतो, उठतो. मागच्या एकादशीला मी पहिल्यांदा मागितलं. एक शब्द. फार नाही, तिच्या तोंडून एक शब्द ऐकू दे म्हटलं. मागितल्यावर मला लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच म्हाताऱ्याच्या दुकानातून एक रबराचं पोवळं आणलं. हिरवट टोकांचं, झुपक्यासारखं. दुरून पाहिलं तर मीही फसलो असतो. मेलेलं काढून त्या जागी ते बसवलं. पंपांचं पाणी त्याला अगदी बेताचं लागतं, ते खऱ्यापेक्षाही छान डुलतं.

सकाळी तिला खुर्चीत बसवलं. दिवे लागले. तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "खोटं."

दादा, शब्द अगदी स्वच्छ होता. मागितलेला एक शब्द मिळाला. व्यायाम शिकवणारी मुलगी खूश झाली, नवा शब्द आला म्हणून तिनं टाळ्या वाजवल्या. तो कशाविषयी आला ते मी तिला सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही. त्यांनी यावेळी जे सांगितलं त्यात आशेसारखं फारसं काही नव्हतं, आणि ते मी इथं लिहीत नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.

पण एवढं सांगतो. मी ते रबराचं अजून काढलेलं नाही. ती रोज सकाळी त्याच्याकडं पाहते, माझ्याकडं पाहते आणि म्हणते, "खोटं." आणि मी रोज तेवढं ऐकायला गॅस बंद करून, हात पुसून, तिच्या शेजारी येऊन बसतो.