बहिरे न झालेले मासे

तीर्थरूप मामा,

तुमच्या मासेवाल्या भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी म्हणते, डॉक्टरांनी जिना बंद केल्यापासून तुम्ही दिवसातून चारदा गच्चीवर जाता. (मीही गेले असते, पण हे मामीला वाचून दाखवू नका.)

इकडे माझी पुरती शोभा झाली. तुम्ही घड्याळातलं एक चाक काढलंत की घड्याळ थांबतं. त्याच भरवशावर मी चार वर्षं खपून माझ्या पट्टेरी माशांतला ऐकण्याचा एक जनुक बंद पाडला. मासे ठार बहिरे व्हायला हवेत. तीन मासे घाईघाईत तपासले, आवाजाला ढिम्म हलले नाहीत. (पोटभर खाऊन सुस्तावले होते, हे नंतर कळलं.) त्या आनंदात मी थेट प्रबंधाच्या परीक्षकांनाच प्रयोगशाळेत बोलावलं. तिघे परीक्षक आणि आमच्या मार्गदर्शक बाई टाकीभोवती उभे. मी ऐटीत सांगितलं, "आता कितीही आवाज होऊ दे, हे हलणार नाहीत," आणि स्टीलचा डबा फरशीवर आपटला. टाकीत नुसती पळापळ! एका माशाने तर अशी उसळी मारली की तो थेट ज्येष्ठ परीक्षकांच्या कोटाच्या खिशात. ते जरा कमी ऐकतात, त्यामुळे डब्याने न दचकलेले त्या खोलीत ते एकटेच. खिशात वळवळलं तेव्हा मात्र केवढ्यांदा ओरडले! मासा वाचला. मी बाटल्या धुवायच्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

बाई मागोमाग आल्या, बादली पालथी घालून बसल्या.

"दुसरी प्रत शोधलीस का?"

मामा, मी रडायचीच थांबले. तीसेक कोटी वर्षांपूर्वी या माशांच्या पूर्वजांत सगळेच्या सगळे जनुक दुप्पट झाले. जादा प्रतींतल्या बऱ्याचशा पुढे गळून गेल्या, काही टिकल्या, कामाला लागल्या. यावर मी परीक्षेत पानभर लिहून शाबासकी मिळवली होती! पण ते प्रकरण माझ्याच टाकीत पोहत असेल, हे डोक्यात आलं नाही.

आठ दिवसांत ती प्रत सापडली. माशाच्या कानातच होती, आपलं काम चोख बजावत. सूक्ष्मदर्शकाखाली तिला लावलेल्या खुणेची हिरवी चमक दिसली आणि मी इतक्या जोरात ओरडले की सगळ्या टाक्यांतले मासे पुन्हा दचकले. बाई म्हणाल्या, "आता खरा प्रबंध सुरू झाला." मला नाचावंसं वाटतंय.

मामीला नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. खरा प्रबंध म्हणजे दोन्ही प्रती बंद करून पाहायच्या, म्हणजे आणखी दोन वर्षं. मी या सुट्टीत कायमची घरी येणार, असं आई धरून चालली आहे. तुम्ही तिचे थोरले भाऊ. तुम्हीच तिला समजावा, रडू देऊ नका.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना आईचाच फोन आला आणि माझ्याच तोंडून निघून गेलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई! तुझ्या खोलीत मी शिवणाचं मशीन मांडलंय, ते हलवायचं कुठे हाच घोर होता." तेव्हा मामा, आता तिला नको, मला समजावा.