माळ्याची सायकल

अमरावती, रविवार, दिवेलागण

घेतली एकदाची! दुकानातली ती नवी, हलकी सायकल अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पण तेवढे पैसे साठेपर्यंत वर्ष गेले असते. तोवर देशमुखांच्या दमणीतून सभांना जात राहायचे? गेल्या महिन्यात त्यांच्याच बैलांनी मला नांदगाव पेठेला नेले. वेठीविरुद्ध बोलायला उभा राहिलो, समोर देशमुख बसलेले, आणि त्यांच्या शेतावरच्या वेठीचे वाक्य मी गिळले. मी!

म्हणून भाजीवाल्या सखाराम माळ्याची जुनी घेतली. त्याने आता बैलबंडी केली आहे. सायकल जड, रंग उडालेला, घंटी नाही. मी घुटमळलो तसा तो म्हणाला, "रंग काहून पाहून राहिले मास्तर? दोन मण वांगे रोज बजारात नेले हिनं. तुमी त वांग्याहून हलके."

"अन् घंटी?"

"तुमचा आवाज हाये ना!"

तरी घंटी हवी होती का? असो. येताना चढावर ढकलावी लागली, एकदा पडलोही. पण कुणाच्या मेहेरबानीने नाही पडलो.

देशमुखांना आत्ताच चिठ्ठी धाडली: गुरुवारच्या सभेला दमणी पाठवू नये. आता भाषण पुन्हा लिहायला बसतो. गिळलेले वाक्य सर्वांत आधी.