बंद घरातल्या बावीस युनिटांबाबत

प्रति,
मा. सहाय्यक कार्यकारी अभियंता,
वीज पुरवठा उपविभाग कार्यालय,
म्हैसूर.

अर्जदार: नागोजीराव हंचाटे, वय ८०, निवृत्त मीटर परीक्षक, सरस्वतीपुरम, म्हैसूर.

विषय: माझ्या भाडेकरू श्रीमती भानुमती यांच्याविरुद्ध मी दिलेली वीजचोरीची तक्रार रद्द करून त्यांचा तोडलेला पुरवठा गुरुवारच्या सुनावणीपूर्वी जोडून देण्याबाबत.

संदर्भ: १) माझी तक्रार, दि. ५ नोव्हेंबर. २) माझे अर्ज, दि. ११ व १४ नोव्हेंबर. ३) आपल्या कार्यालयाचे उत्तर, दि. १७ नोव्हेंबर.

महोदया,

१. माझे आधीचे दोन्ही अर्ज कन्नडमध्ये होते. कन्नड मला उत्तम येते, खात्यात एकतीस वर्षे मी त्यातच लिहिले. पण त्या अर्जांत मी 'अनवधानाने' आणि 'तांत्रिक गैरसमजातून' असले शब्द घालून स्वतःला झाकून घेतले. आपली बदली बेळगावहून झाली असून आपण मराठी वाचता, असे आवक खिडकीवरील श्री. अरुण यांनी सांगितले. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या मराठी बोलतात. झाले ते जसेच्या तसे घरच्या भाषेत सांगणे मला जमेल, म्हणून हा तिसरा अर्ज मराठीत करीत आहे. फाईलसाठी कन्नड तर्जुमा माझी नात रक्षिता करून देणार आहे. म्हणजे तिलाही हे सगळे वाचावे लागेल, याची मला कल्पना आहे.

२. गेल्या जून महिन्यात माझा मुलगा कार्तिकेय बेंगळुरूहून सहकुटुंब आमच्याकडे राहायला आला. त्याच्यासोबत यंत्रेही आली. वीज वाढणार हे मला मान्य होते. पण प्रत्येक दिवा, पंखा, मिक्सर किती वेळ चालतो हे मी वहीत टिपून ठेवतो आणि महिनाअखेर मीटरशी ताडून पाहतो. ही सवय खात्याची आहे, घरच्यांना ती आवडत नाही. त्या वहीप्रमाणे दर महिन्याला बावीस युनिटे जास्त जात होती आणि ती कोणाच्याही नावावर बसत नव्हती.

३. रविवार, दि. २ नोव्हेंबर रोजी घरची सगळी मंडळी तलकाडला गेली. मी गुडघ्याचे निमित्त सांगून मागे राहिलो. दुपारी बारा वाजता सर्व दिवे व पंखे बंद केले, फ्रीजचा प्लग काढला आणि खुर्ची टाकून मीटरसमोर बसलो. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. घड्याळ लावून पाहिले, दर सदतीस सेकंदांनी एकदा. आमच्या वेळचे मीटर चकतीचे. घर बंद केले की चकती थांबे, आणि थांबली नाही की कोणीतरी वायर टाकली आहे असे आम्ही समजत असू. पाच-दहा वॅटच्या किरकोळ भाराला ती जड चकती पुष्कळदा हलतही नसे. आताच्या मीटरला एवढीशी वीजही कळते, हे मला ठाऊक होते. तरी त्या दुपारी ते माझ्या डोक्यात आले नाही.

४. श्रीमती भानुमती या आमच्या मागच्या खोलीत नऊ वर्षे भाड्याने राहतात. ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल लावतात. त्यांचे मीटर वेगळे आहे, पण पेटी एकच. दसऱ्याला त्यांनी शिलाई मशीनला नवी मोटर बसवली होती. त्या मोटरीचा आवाज माझ्या खुर्चीपर्यंत येत होता आणि समोर दिवा लुकलुकत होता. मी दोन्हीची सांगड घातली; युनिटे जूनपासून जात होती आणि मोटर दसऱ्याची, हे लक्षातही घेतले नाही. मेन स्विच पाडून एकदा पाहणे पाच सेकंदांचे काम; दिवा थांबला तर वीज आपल्याच घरात जाते आहे. शिकाऊ मुलांनाही मी हेच आधी शिकवीत असे. मी पाहिले नाही, कारण उत्तर मला मिळालेच होते. पत्नी भवानीबाई म्हणाली, "अहो, नीट बघितल्याशिवाय सुम्मे, उगाच कुणाचं नाव घेऊ नका." मी तिला म्हणालो की मीटरमधले तुला काय कळते.

५. शुक्रवार, दि. ७ रोजी सकाळी अकरा वाजता आपले कर्मचारी श्री. किरणकुमार व एक सहकारी आले. त्यांनी भानुमतींची खोली, भिंत, पेटी सर्व तपासले. चोरीची वायर सापडली नाही. इथे ते परत गेले असते. मीच म्हणालो की मुरलेला चोर वायर ठेवत नाही, काम झाले की काढून ठेवतो. किरणकुमार माझ्या हाताखालच्या माणसाच्या हाताखाली शिकलेले आहेत. त्यांनी माझा शब्द मानला आणि चौकशी होईपर्यंत पुरवठा तोडला. शेजारची चार घरे गच्चीवर आली होती. अर्धवट शिवलेली बाही मशीनमधून सोडवून भानुमतींनी घडी केली आणि मशीनवर कापड टाकले.

६. यापुढचे आधीच्या अर्जांत लिहिलेले नाही. त्याच दुपारी चार वाजता घर पुन्हा रविवारसारखे बंद करून मी विजयी मुद्रेने मीटर पाहायला गेलो. लाल दिवा दर सदतीस सेकंदांनी लुकलुकत होता. मी आत आलो. आमचे मांजर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर पसरले होते. ते तिथेच निजते आणि आम्ही सगळे त्याला हसतो. भानुमतीच एकदा म्हणाल्या होत्या की मांजराला ऊब कुठे आहे ते बरोबर कळते. मी मांजर उचलले आणि हात ठेवला. बॉक्स गरम होता. टीव्ही सकाळपासून बंद होता. मीच तो रिमोटने बंद केला होता, आणि रिमोटने बंद केलेले बंद असते असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. दुसऱ्याचा विसरलेला दिवा पाहून घर डोक्यावर घेणारा मी, हे महोदया, मला लिहिताना फार लाज वाटते आहे.

७. कार्तिकेयच्या वॅटमीटरने मी एकेक वस्तू मोजली. सेट-टॉप बॉक्स अकरा वॅट, राउटर सहा, स्पीकर पाच, मायक्रोवेव्ह तीन, प्रिंटर तीन, टीव्ही एक, लॅपटॉपचा चार्जर एक, आणि मोबाइलचे पाच चार्जर मिळून अर्धा. एकूण साडेतीस वॅट, दिवसरात्र. महिन्याची बावीस युनिटे होतात. नात दिवसभर चार्जर लावून ठेवते म्हणून मी तिला रोज बोलत होतो. तिच्या पाच चार्जरांचा वाटा सगळ्यांत कमी आणि माझ्या बॉक्सचा सगळ्यांत जास्त निघाला.

८. हे शुक्रवारी संध्याकाळच्या चहाआधीच माझ्या हाती होते. मी अर्ज केला तो मंगळवारी. मधले चार दिवस मी कोणाला काही बोललो नाही. गल्लीत लोक मला थांबवून विचारीत होते की रावसाहेब, चोर सापडला म्हणे, आणि मी मान हलवीत होतो. चूक माणसाकडून होते असे मी म्हणू शकलो असतो. हे चार दिवस मात्र मी जाणूनबुजून घेतले.

९. आता तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई लागली आहे. भानुमती दिवसा फाटकाजवळच्या पायरीवर उजेडात बसून हाताने शिवतात. आठ ब्लाउज त्यांनी गिऱ्हाइकांना परत केले. गिऱ्हाइके कारण विचारतात आणि मोटर बिघडली असे त्या सांगतात. माझे नाव घेत नाहीत. मी जाऊ-येऊ लागलो की पाय आवरून वाट देतात.

१०. आपल्या उत्तरात गुरुवारच्या सुनावणीची तारीख आणि सोबत जोडायचे कागद यांखेरीज दोन गोष्टी कळविल्या आहेत. चोरीची तक्रार मागे घेण्याची तरतूद नाही, आणि जास्त वीज गेली असल्यास ती कोणी वापरली हे अर्जदाराने दाखवावे. दुसरी अट मी पूर्ण करीत आहे. वीज वापरणारी यंत्रे कापडी पिशवीत घालून हजर केली आहेत. राउटर तेवढा मुलाच्या नोकरीसाठी घरी ठेवला आहे, मायक्रोवेव्ह व टीव्ही मला उचलले नाहीत. पिशवी ताब्यात घेऊन पावती द्यावी. श्री. अरुण यांनी असा नमुना नाही म्हटल्यास कोऱ्या कागदावर चालेल.

११. माझी मागणी अशी की भानुमतींचा पुरवठा गुरुवारपूर्वी जोडावा. तो त्याच दोन कर्मचाऱ्यांनी सकाळी अकरा वाजता येऊन जोडावा, आणि तपासणीत चोरी आढळली नाही हे फाटकात उभे राहून मोठ्याने सांगावे. शेजारच्या चार घरांना मी स्वतः जाऊन बोलावीन. भानुमतींची लाइन जितके दिवस बंद राहिली तितके दिवस माझी बंद ठेवावी. भवानीबाई तयार आहे, बाकीच्यांना मी विचारलेले नाही. चाचणी कक्षाच्या भिंतीवर उत्कृष्ट परीक्षक म्हणून माझा फोटो अजून असल्यास तो उतरवून पिशवीसोबत ठेवावा.

१२. एवढी घाई का, याचेही कारण लिहितो. परवा मी आमच्या घरातून एक्स्टेन्शन वायर ओढून भानुमतींच्या दारापर्यंत नेली आणि म्हणालो की तुमची लाइन येईपर्यंत यावर मशीन चालवा. त्यांनी वायर गुंडाळून माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या, "बेडा, नको काका. ही घेतली तर तुमचं म्हणणं खरं होईल." मी वायर घेऊन परत आलो. माझ्या घरची वीज त्या घेणार नाहीत. त्यांना त्यांचीच मिळाली पाहिजे, आणि ती फक्त आपल्या सहीने मिळेल.

आपल्या खात्याचा जुना नोकर आणि या प्रकरणातला खरा दोषी,

(सही)
नागोजीराव हंचाटे
म्हैसूर, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) सेट-टॉप बॉक्स, नग एक. स्पीकर, नग एक. प्रिंटर, नग एक. चार्जर, नग सहा.
२) जून ते ऑक्टोबरची वापराची वही.
३) साडेतीस वॅटचा तक्ता, माझ्या सहीचा.
४) कन्नड तर्जुमा, रक्षिताच्या अक्षरात.
५) आपल्या उत्तरात मागितलेले श्रीमती भानुमती यांचे संमतिपत्र. हे जोडलेले नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, मागण्याचे तोंड झाले नाही.