डॉक्टरांच्या गाडीतली फळी

कासार आंबोली, पेटा मुळशी
दसऱ्यानंतरचा गुरुवार, १९५९

प्रिय वाल्मीक,

तुझं पत्र घट बसायच्या आधीच आलं होतं. उत्तराला उशीर झाला, कारण मला राग आला होता, आणि रागाच्या भरात लिहिलेलं पत्र टपालात टाकू नये असं आपली आई म्हणायची. राग अजून उतरलेला नाही, पण आता लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. तू दादरला स्वतःचं दुकान मांडतोयस हे ऐकून आबांनी ते पत्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मीही हरखले, खोटं कशाला सांगू? पण खाली तू लिहिलंस की आबांचे हात आता चालत नाहीत, हत्यारं नुसती गंजत पडली असतील, तर दसऱ्याची पूजा झाली की पेटी एस.टी.वर टाकून द्या. आबा ‘बरं’ म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. लेकानं मागितलं, बापानं दिलं. पेटी भरायची कुणी, तर साळूनं. गंजत पडली म्हणे. मेल्या, दोन दिवाळ्या झाल्या, तू घराचा उंबरा चढला नाहीस, तुला मुंबईहून गंज बरा दिसला.

आता तुला आजवर न सांगितलेलं सांगते. गेल्या शिमग्यापासून आबांच्या हाताला कंप आहे. चहाची कपबशी धरली की वाजते. तेव्हापासून या घरातून जे काही काम बाहेर पडलं, कुणाचं औत असो, पाळणा असो की दाराची चौकट, ते सगळं मी केलंय. नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून परत आलेली बहीण चुलीपुढं बसून भाकऱ्या थापते, एवढंच तुला ठाऊक. आबा तुला शिकवायचे तेव्हा फळीचं दुसरं टोक धरून कोण बसायचं ते आठव. तुझं लक्ष चिंचा पाडण्यात असायचं, माझं त्यांच्या हाताकडं. पण बाईनं लाकूड तासायचा वाकस धरला हे गावाला कळलं तर कोण लाकूड आणून टाकणार? म्हणून मी मागच्या पडवीत काम करते आणि आबा पुढं ओट्यावर बसून रिकाम्या ओंडक्यावर हातोडी वाजवत राहतात. मी करवत चालवायला लागले की ते मोठ्यानं खोकतात. हसू येतं रे, पण सारखं लपून काम करायचा वीट येतो. काम चांगलं झालं की कुशाबा सुताराचा हात काय हात आहे असं लोक म्हणतात, आणि मी आत पीठ चाळत ऐकते. शेजारची गोजराबाई तेवढी वास काढत येते आणि विचारते, ‘साळे, तुज्या केसात ह्यो भुसा कसला गं?’

तर भाद्रपदात एक मोटार आपल्या दारात येऊन उभी राहिली. पुण्याचे डॉक्टर रिसबूड म्हणून आहेत, लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी लढाईच्या वेळची रुग्ण न्यायची गाडी लिलावात घेतली आणि तिचं चाकावरचं घर केलं. नवराबायको त्यातूनच हिंडतात, मुळशीच्या धरणाकाठी गाडी लावून राहतात. आत समोरासमोर दोन बाक, मधे जेवायची फळी. फळीची एक कड गाडीच्या भिंतीला अडकवलेली, दुसरीकडं एक पाय. रात्री तो पाय मिटायचा, फळी खाली उतरवायची, दोन्ही बाकांच्या अंगाला ठोकलेल्या पट्ट्यांवर ती टेकवायची आणि वर पाठीच्या गाद्या टाकायच्या, की झाला दोघांपुरता पलंग. मोठी हुशारीची गोष्ट, पण करणाऱ्यानं फळी आंब्याच्या लाकडाची केली होती. इथल्या पावसानं ती अशी फुगली की बाकांच्या मधे उतरेना. डॉक्टर तिच्यावर उभे राहून नाचले तरी उतरेना.

त्यात डॉक्टरीणबाईंचं वेगळंच. ज्या फळीवर आपण ताट ठेवतो तिच्यावर रात्री पाय ठेवून निजायचं हे त्यांना मान्यच नव्हतं. गाडी घेतल्यापासून त्या खाली, चालायच्या जागेत चटई टाकून निजत होत्या, आणि डॉक्टर एकटे पलंगावर. डॉक्टर म्हणाले की शास्त्राच्या दृष्टीनं फळी पुसली की स्वच्छ झाली. बाई म्हणाल्या, असेल, पण अन्न ते अन्न आणि पाय ते पाय. मला बाईंचं पटलं. आपल्याकडं तरी जेवायच्या पाटावर कुणी पाय देतं का? आबांनी काम घेतलं, नवराबायको गावात फिरायला गेले आणि मी गाडी झाडून देते म्हणून केरसुणी घेऊन आत शिरले. पदराखाली रंधा होता. गाडीला पडदे होते, ते ओढून घेतले. फळीला दोन बाजू केल्या, एक जेवायची, एक निजायची. जेवायच्या बाजूला कोपऱ्यात तुळशीचं पान कोरलं, म्हणजे अंधारात बोटाला कळावं. फळीचा पाय काढून टाकला, नाहीतर उलटी केल्यावर तो छातीवर आला असता, आणि त्याच्या जागी फळी टेकवायला वेगळी घोडी करून दिली. मग फुगलेल्या कडा रंध्यानं तासून फळी अशी बसवली की पाण्यासारखी खाली उतरली. डॉक्टरीणबाई त्या रात्री पहिल्यांदा पलंगावर निजल्या असतील. मी मनातल्या मनात एवढी खूश होते की भाकरी करपली.

आणि तिथंच माती खाल्ली. भाद्रपदात भिजून फुगलेलं लाकूड तासलं तर आश्विनाच्या उन्हात ते आटणार, हे सुताराच्या घरातल्या मांजरालाही कळतं. आबांच्या अंगात तेव्हा कणकण होती म्हणून विचारलं नाही, विचारलं असतं तर त्यांनी रंधा हातातून काढून घेतला असता. पण मला वाटलं, मला येतंय की. फळी आटली, बाकांवरच्या पट्ट्या जेमतेम बोटभर रुंद. धरणाकाठी एका रात्री फळीची कड निसटली आणि डॉक्टर गाद्यांसकट खाली गेले. कंबर धरली. बाई भिंतीच्या बाजूला होत्या म्हणून वाचल्या.

गाडी दारात परत आली ती नेमकी खंडेनवमीला. आपल्याकडं त्या दिवशी काय असतं ते तुला सांगायला नको. सगळी हत्यारं तेल लावून पुसून पाटावर मांडलेली, हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत हत्यार उठत नाही, आजोबांच्या काळापासून उठलेलं नाही. पूजेला आळीतली पाच-सहा माणसं जमली होती, गोजराबाई तर असणारच. डॉक्टर काठी टेकत उतरले. दसऱ्याच्या पहाटे त्यांना कोल्हापूरला निघायचं होतं, लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं, वाटेत मुक्काम गाडीतच, आणि त्या कंबरेनं त्यांना ना खाली निजता येत होतं ना रात्रभर बसता. आबा म्हणाले, ‘आज हत्यार उठत न्हाई डाक्टर. परवा या.’ डॉक्टर चांगला माणूस, पण दुखणाऱ्याच्या तोंडाला धरबंध नसतो. ते सगळ्यांसमोर म्हणाले, कुशाबा, तुमच्यासारख्या जुन्या कारागिराच्या हातून अशी कच्ची गोष्ट व्हायला नको होती.

आबांनी मान खाली घातली. ‘व्हय, चुकलं माजं,’ म्हणाले. वाल्मीक, त्या माणसानं जन्मात एक पट्टी वाकडी ठोकली नाही. त्यांचे हात थरथरत होते आणि लोक त्या हातांकडं बघत होते, म्हातारा आता संपला अशा नजरेनं. माझ्या हातात आरतीचं ताट होतं. इतके महिने माझ्या चांगल्या कामाचं नाव त्यांना मिळालं तेव्हा मी चडफडले असेन, पण गप्प राहिले. माझ्या चुकीचं नाव त्यांना मिळतंय हे मात्र मला सोसवेना. मी ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, डॉक्टर, फळी आबांनी तासली नाही, मी तासली. गेल्या शिमग्यापासूनची सगळी कामं माझी आहेत. गोजराबाईनं तोंडावर पदर घेतला. इतके दिवस ज्याची भीती होती ते मीच बोलून बसले होते, तेही चूक कबूल करताना. चांगलं काम दाखवून सांगायचं राहिलं बाजूला, असं माझं नशीब.

आबा उठले. मला वाटलं, आत निघून जातात. ते पाटापाशी गेले, वाकले, रंधा उचलला. त्याच्यावरचं झेंडूचं फूल खाली पडलं ते त्यांनी परत पाटावर ठेवलं. मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, ‘चूक तुजी, तर दुरुस्ती बी तूच करायची. धर.’ रंधा त्यांच्या हातात हलत होता म्हणून मी दोन्ही हातांनी धरला. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं की देव कोपंल. आबा म्हणाले, ‘कोपला तर माज्यावर कोपंल, तू लाडू खा.’

गाडीत शिरले आणि आधी पडदे बाजूला सारले. या खेपेला फळीला हात लावलाच नाही. ती पुन्हा फुगणार, पुन्हा आटणार, तिच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. बाकांवरच्या पट्ट्याच काढल्या आणि जुन्या चौकटीच्या सागवानातून चांगल्या रुंद पट्ट्या काढल्या, म्हणजे फळी कशीही झाली तरी टेकेल. पण बाकाचं अंग पातळ प्लायवूडचं, स्क्रू धरेना. तीनदा पिळला, तीनदा गळून पडला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खिडकीतून सगळी आळी आत बघतेय. शेवटी बाकाचं झाकण उघडून मी आत उतरले, लोणच्याच्या बरण्या आणि औषधांच्या बाटल्या बाहेर काढल्या, आतल्या उभ्या लाकडाचा ठाव हातानं चाचपून घेतला आणि गिरमिटानं तिथंच भोक पाडलं. बाहेरून आबा सांगत होते, जरा वर, जरा डावीकडं. शिमग्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघं मोठ्यानं बोलत काम करत होतो. संध्याकाळी डॉक्टर पट्टीवर दोन्ही पाय देऊन उभे राहिले, मग फळी टाकून तिच्यावर आडवे झाले आणि तिथंच झोपी गेले. बाईंनी माझी ओटी भरली.

गावात जे व्हायचं ते झालं. दोन घरांनी दिलेलं काम परत नेलं. देवळापाशी आबांशी काही जण बोलत नाहीत, ते म्हणतात, बरं झालं, कान किटले होते. काल गोजराबाई मोडका पाट घेऊन आली, पडवीत माझ्यासमोर ठेवला आणि एक शब्द न बोलता गेली. ती न बोलता गेली, याचाच मी अजून विचार करतेय.

मी आबांना विचारलं, वाल्मीकची पेटी कधी पाठवायची? ते ओंडक्यापाशी बसले होते, हातात हातोडी नव्हती, आता लागत नाही. म्हणाले, ‘हत्यारं जातील तितं तू जाशील का?’ मी नाही म्हटलं. ‘मग ती बी न्हाई जात. त्येला मी सांगू का तू सांगतीस?’ मी सांगते म्हटलं. तुझ्यावर माझी माया कमी नाही रे. तुला दुकानाला हत्यारं लागतील हेही कळतं. मुंबईत नवी मिळतात, तुझा हात कुठल्याही हत्याराला वळण लावील. मला इथं दुसरी कोण देणार? तुला वाटलं तर तू ये, माझ्याशेजारी बस, मागच्या पडवीत दोघांना पुरेल एवढी जागा आहे.

पेटी मात्र तुझी आहे. तू शिकत असताना स्वतःच्या हातानं केलेलं ते पहिलं काम, त्याच्या कोपऱ्यांचे सांधे अजून हलले नाहीत. म्हणून ती आज सकाळच्या एस.टी.च्या टपावर बांधून दिली. पुण्याला पाहुण्यांकडं उतरेल, तिथून ते रविवारी मुंबईच्या गाडीवर चढवतील. हे पत्र तुला त्याआधी पोचावं म्हणून आजच पौडला जाऊन टाकतेय. आबांची हत्यारं येणार म्हणून तू दुकानात सगळ्यांना सांगितलं असशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. पेटी हलकी लागेल. आत आपट्याची पानं आहेत, दसऱ्याचं सोनं, आबांनी स्वतः ठेवलेलं, बाकी काही नाही. तेव्हा बाळा, ती चार माणसांत उघडू नकोस.

तुझीच आक्का,
साळू सुतारीण