आर्चबिशपांचं अर्धं पान

शॉमबर्ग, ४ एप्रिल
विल्सनचा फोन. मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून आवाजावरच बिशपांचा उंच मुकुट चढलाय. चर्चमागचा हॉल आम्ही वसईकरांनी नवा करून दिला, म्हणून नाव द्यायचा मान आमचा. ठरलं म्हणे: गोव्याचे चारशे वर्षांपूर्वीचे आर्चबिशप. "रेमीआत्या, तुम्ही कॉन्व्हेंटच्या, त्यात इतिहासाच्या टीचर. त्यांच्या चरित्राचं एक पान लिहा आणि तुम्हीच वाचा." हो म्हटलं.
१ मेला सकाळी नामकरण. त्याच संध्याकाळी तिथेच नातीच्या, रियाच्या, लग्नाची हळद आणि विहिरीवरून नवरीच्या आंघोळीचं पाणी आणणं. इथे परदेशात विहीर कुठली? पार्किंगच्या नळावर कळशी भरायची, गाणी म्हणत आणायची.

९ एप्रिल
लायब्ररीचं पुस्तक संपवलं. आर्चबिशप तरुणपणी जहाजातून गोव्याला आले, परत गेलेच नाहीत. साथीत रोग्यांचं अंग स्वतः पुसलं. घरातली चांदी विकून अनाथांना जेवू घातलं. सिस्टरांनी शाळेत इतकंच शिकवलं होतं.
पुढचं पान: लग्नात बायकांनी गायचं नाही. हळद लावायची नाही. नवरीचं पाणी वाजतगाजत आणायचं नाही. आणलं तर कैद.
हुकूम त्यांचाच. आणि त्यांचंच नाव आम्ही नेमकं त्या हॉलला...

१५ एप्रिल
दोन्ही लिहिलं, चांदी आणि कैद. विल्सन घरी आला, चहा पिऊन म्हणाला, "खालचं अर्धं काढू या."
"का? खोटं आहे?"
"खोटं नाही हो. पण बिशप येणारेत."
"मग त्यांना कळू दे की आपल्याला वाचता येतं."
दारात बूट घालताना हळूच: "आत्या, संध्याकाळचा हॉल मीच दिलाय. कॅन्सलही मलाच करता येतो."
माझ्याच घरात, माझा चहा पिऊन!

१६ एप्रिल
लेक सुनीता रडकुंडीला. "आई, पाहुण्यांची तिकिटं झालीत. आता दुसरा हॉल कुठून आणू?" रिया फोनमधून मान वर न करता: "आजी, जस्ट रीड द नाइस पार्ट."
नाइस पार्ट! मी जेवले नाही. कुणी आग्रहही केला नाही.

२२ एप्रिल
रिया आपण होऊन आली, पाण्याची गाणी शिकायला. उच्चार भयंकर, सूर बरा. मधेच थांबली.
"आजी, ज्यांना पकडलं त्या बायका, डिड दे सिंग अगेन?"
"गायल्याच असणार. नाहीतर मला कशी येतात?"
तिने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पुन्हा सांग, पहिल्यापासून."
सुनीता दारात उभी राहून ऐकत होती. मी वर पाहिलं तशी कुकर लावायला गेली.

१ मे, पहाटे
आज. विल्सनने अर्धं पान टाइप करून पाठवलंय, मोठ्या अक्षरात, जशी मी आंधळी. माझं बारीक अक्षरातलं पूर्ण पान पर्समध्ये. सु.ने पाहिलं. माझ्या साडीची पिन नीट केली.
आर्चबिशपांची तसबीर हॉलवर आम्हीच न्यायची आहे. मागच्या सीटवर तसबीर, शेजारी रियाची कळशी. रियाने दोघांना मिळून एकच सीटबेल्ट लावलाय.
सु. हॉर्न वाजवते आहे. निघते. चष्मा घेतला.