व्हायोलिन सोमवारी परत करायचं आहे

चि. शालकराजे यांस दाजीचे भरभरून आशीर्वाद.

(पन्नाशी उलटलेल्या माणसाला चिरंजीव म्हणणं बरं दिसत नाही, पण बायकोचा धाकटा भाऊ कधी मोठा होतच नसतो, त्याला आमचा इलाज नाही.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? मीठ कमी केलंस का, की अजून ताटात वरून घेतोस? माझी तब्येत ठणठणीत आहे. म्हणजे मान डावीकडे वळत नाही, उजवा खांदा ठणकतो आणि हनुवटीखाली एक काळपट डाग पडलाय, पण हा आजार नव्हे, ही कला आहे. तू फोनवर दर वेळी ‘दाजी, जेवलात का?’ विचारतोस, मी ‘हो’ म्हणतो आणि दोघंही घाईघाईने फोन ठेवतो. त्यामुळे ही सगळी हकीगत तुला सांगायची राहूनच गेली.

तुझी ताई शिकायला जायची तो संगीताचा वर्ग तुला ठाऊक आहेच. पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर भरतो, त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्या संगीताला क्लोरीनचा वास येतो. शिकवणं फुकट, वाद्यही घरी न्यायला मिळतं. नियम एकच. घरातलं कोणी शिकत असेल तोवर वाद्य त्या घरात, शिकणं थांबलं की ज्याचा नंबर लागला असेल त्याच्याकडे. ताई गेली, तुम्ही सगळे आपापल्या घरी परतलात आणि वर्गाच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. फार वाईट झालं म्हणाल्या (खरंच वाटलं असावं), मग जरा खाकरून विचारलं, व्हायोलिन कधी आणून देताय? पेटी समोर टेबलावर होती. तिने झाकण लावलं नव्हतं, म्हणून मीही लावलं नव्हतं. मी म्हणालो, शिकणारं माणूस आहे की घरात. कोण, म्हणाल्या. मी, म्हणालो. त्यांनी माझं नाव पुन्हा एकदा विचारून लिहून घेतलं.

आता मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. मोटर कुरकुरली की मला दोन मजले खालून कळतं, पण माझा सुरांशी संबंध तेवढ्यावरच संपतो. बाईंनी (म्हणजे शिकवणाऱ्या, केसांत कायम पेन्सिल खोचलेली, हसायचं नाही अशी शपथ घेतल्यासारख्या) मला पहिल्या वर्गात बसवलं. तिथे सगळी मुलं. खुर्च्याही त्यांच्याच मापाच्या, त्यामुळे बसलो की माझे गुडघे कानाशी येतात. शेजारी एक मुलगी बसते, दातांना तारा लावलेली, वय फार तर दहा, रुबाब मुख्याध्यापिकेचा. मी तिला हेडबाई म्हणतो. माझं कोपर खाली आलं की ती पट्टीने टोचते. वर्गाची पद्धत अशी की एक चुकला तर सगळ्या रांगेने पहिल्यापासून सुरुवात करायची. माझ्या कृपेने आमची रांग एकाच धड्यावर इतके दिवस अडकली की दारात उभे राहणारे पालक मला नमस्कार करेनासे झाले. त्यात खालचा पोहायला शिकवणारा शिट्टी मारतो आणि मी दर वेळी दचकून थांबतो. पुन्हा पहिल्यापासून. हेडबाईने एकदा फार समजूतदारपणे विचारलं, काका, तुम्हाला चित्रकला येते का?

पण मला वाद्य ठेवायचं होतं. हनुवटी टेकवायच्या पट्टीला अजून ताईच्या पावडरीचा वास आहे. रोज थोडा माझ्या दाढीच्या साबणाचा वास त्यात मिसळतोय, तेवढं एक वाईट वाटतं. शिकत राहायचं तर सहामाहीची परीक्षा पास व्हायची होती. म्हणून मी सगळ्यांना चकित करायचं ठरवलं. धड्यातलं वाजवायचंच नाही. ताई शेवटी जे बसवत होती, तेच वाजवायचं. तिचा नोटेशनचा कागद स्टँडवर तसाच होता, वर ‘२’ असा आकडा होता, मी समजलो धडा दुसरा. गाणं ओळखीचं होतं, बाहेरच्या खोलीत पेपर वाचताना मी रोज ऐकलेलं. तुला म्हणून सांगतो, मला ते कधी आवडलं नाही. दोन सूर, लांबच लांब, मग नुसती शांतता आणि त्या शांततेत ताईचं पुटपुटणं, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. पुन्हा तेच दोन सूर. मला वाटायचं, बिचारीला एवढंच येतं. म्हणून मी दर वेळी ‘वा’ म्हणायचो. ती दर वेळी हसायची. का हसायची ते आत्ता कळलं.

तर ते गाणं मी चोरून बसवलं, बाथरूममध्ये, दार लावून. हेडबाईलासुद्धा कागद दाखवला नाही. (शेजाऱ्यांनी तिसऱ्या दिवशी प्लंबर पाठवला. पाइपात हवा अडकलीय असा त्यांचा समज झाला होता. प्लंबर दारातून थोडा वेळ ऐकत राहिला आणि परत गेला. पैसेही मागितले नाहीत.)

परीक्षेला बाई, ऑफिसातल्या बाई आणि मोठ्या वर्गातले एक दातांचे डॉक्टर, असे तिघे बसले होते. मी उभा राहिलो. पहिला सूर बरा लागला, दुसरा लागला असं धरून चाललो, आणि मग कागदावर होतं तसा गज खाली घेऊन थांबलो. मनात मोजत होतो. आता हे त्यांना कसं कळणार? म्हातारा माणूस, नुकती बायको गेलेली, एकदम थिजून उभा, ओठ नुसते हलतायत. ऑफिसातल्या बाई पाणी घेऊन धावल्या. मी मान हलवली, तर डॉक्टरांनी माझी नाडी धरली. (दातांचे असले तरी डॉक्टरच.) कोणीतरी मागून खुर्ची सरकवली. मी बसलो, मोजणं चुकू दिलं नाही, आणि बरोबर जागा आली तसे बसल्या बसल्या पुढचे दोन सूर वाजवले. ऑफिसातल्या बाईंच्या हातून ग्लास पडला.

बाईंनी माझा कागद उचलला. केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. मग विचारलं, ‘काका, तुम्ही हेच अख्खं गाणं समजलात?’ मी म्हणालो, हो, का? त्यांनी दातांच्या डॉक्टरांना त्यांचं व्हायोलिन काढायला लावलं आणि मला म्हणाल्या, आता तुम्ही तेच पुन्हा वाजवा, थांबायचं तिथे थांबा.

मी वाजवायला लागलो आणि माझ्या सुरांच्या वर गाणं सुरू झालं. खरं गाणं. काय सांगू तुला. ‘२’ म्हणजे सगळे मिळून वाजवतात त्यातली दुसरी रांग. ताई इतकी वर्षं खालची बाजू वाजवत होती, दुसऱ्यांचं गाणं जिच्यावर उभं राहतं ती. घरी वरचं कोणी नसायचं, म्हणून ते तसं ऐकू यायचं. मी थांबलो की डॉक्टरांचं गाणं एकटं वर जायचं, कुठेतरी अडायचं, आणि मग तिचे ते दोन सूर खालून येऊन त्याला धरायचे. मला मोजायचं भानच राहिलं नाही. मी गज खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर रडलो. लाज वाटली नाही. हेडबाई दारातून बघत होती, तिने येऊन माझ्या हातात स्वतःची पट्टी दिली. का दिली, देव जाणे. तिच्याकडे तेवढंच असावं.

तुला वाटेल आता पास केलं असेल. नाही केलं. बाई सरळ बोलतात. म्हणाल्या, तुम्हाला सूर नाही आणि आता येणारही नाही, आणि एक बस चालवणारी बाई कधीची नंबर लावून थांबलीय. तिच्या जागी मी असतो तर मलाही हेच न्याय्य वाटलं असतं. मी वाद घातला नाही. सोमवारी व्हायोलिन परत करायचं ठरलं. एका अर्थी सुटलोच म्हणायचं. मान सरळ होईल, टेबलावर जागा होईल, शेजारी पुन्हा बोलायला लागतील. तू काळजी करू नकोस. घरच्यांना आशीर्वाद, पोरांना पापे, आणि मीठ कमी.

तुझा,
दाजी

ता. क. वर सुटलो असं लिहिलंय, ते वाचू नकोस.

ता. क. दुसरा. ताई सांगायची, लहानपणी तू शिट्टीवर वाटेल ते गाणं वाजवायचास आणि त्यापायी मार खायचास. अजून येते का शिट्टी? डॉक्टरांकडून वरच्या गाण्याचं रेकॉर्डिंग घेतलंय, वेगळं पाठवतो, चार दिवस ऐक. ताईचं तेरावं झाल्यापासून तू या घरी आला नाहीस. का ते मला ठाऊक आहे आणि माझा राग नाही. पण या रविवारी ये. एकदाच. ती बसायची त्या खोलीत तू वरचं वाजव, मी खालचं वाजवतो.

ता. क. तिसरा. मधे मधे मी बराच वेळ गप्प राहीन. तू थांबू नकोस. तिथे तसंच आहे.