चाळीसवर

२ एप्रिल, बुधवार

पुन्हा हात वर. काटा चाळीसवर. वेग कमी केला — हात खाली. पुन्हा चाळीस — हात वर. बावड्यापासून शिये फाट्यापर्यंत सात वेळा. एकदाही चूक नाही.

खूण मीच ठरवली. साइडकारमध्ये बसून इंजिनाच्या वरताण ओरडणं संयोगिताला जमत नाही. थरथर लागली की हात वर कर, म्हटलं. उजवा. लकव्याने तिचा डावा हात आणि डावा पाय जाऊन दीड वर्ष झालं.

माझ्याही तळव्यांना मुंग्या आहेत. घरी येऊन तास झाला, अक्षर अजून हलतं. चाळीस वर्षं मुलांना मराठी शिकवली. फळ्यावर कधी असं लिहिलं नाही.

ईदची सुट्टी संपवून दिलदारने आज गॅरेज उघडलं. गाडीला बाजूचं तिसरं चाक त्यानेच जोडलं, तिला घराबाहेर काढता यावं म्हणून. टाकीवर तळहात ठेवून डोळे मिटून उभा राहिला. "हाय की. मार्चापास्नं म्हणताय न्हवं? चांगलीच मुरलीया."

मग म्हणाला, "सर, दिसाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कुणी बरं केलं ते कळत न्हाय."

गेल्या दीड वर्षात आम्हाला इतकं साधं कुणी सांगितलं नव्हतं.

३ एप्रिल

प्लग बदलला. तशीच.

४ एप्रिल, शुक्रवार

कार्ब्युरेटर साफ केला. नमाजाहून आल्यावर दिलदारने स्वतः एक फेरी मारली. "आवाज गोड झालाय," म्हणाला. थरथर तशीच.

पुण्याहून राजसचा फोन. त्याच्या ओळखीचा एक जण जयसिंगपूरला आहे, जुन्या गाड्या जमवतो, ही घ्यायला तयार आहे. "बाबा, आईच्या पाठीचा विचार करा. तेराला, रविवारी येतोय. तोवर नीट झाली तर राहू दे." नाही झाली तर काय, ते तो बोलला नाही. मुलगा वाईट नाही. त्याच्या आईला त्या गाडीत हलताना त्याने पाहिलं आहे.

रिक्षात तिचा तोल जातो. मोटारीत बसते, पण काच वर, समोर ड्रायव्हरचं डोकं. एकदा म्हणाली, "दवाखान्यात न्यायल्यागत वाटतंय." साइडकारमध्ये तिच्या तोंडावर वारा येतो. रंकाळ्यावर लोक वळून बघतात, ती त्यांना हात करते. गाडी गेली की उरते खिडकी.

नऊ दिवस.

५ एप्रिल, शनिवार

साइडकार सोडवली आणि नुसती मोटारसायकल चालवून पाहिली. चाळीसवर मुंग्या आल्याच. म्हणजे दोष जोडकामात नाही, मूळ गाडीत आहे. दिलदारला बरं वाटलं. मला काय वाटावं ते कळेना.

संयोगिता खिडकीत होती. "मला टाकून फिरून आलासा व्हय? पीएचडी कवा व्हायची थरथरीवर?"

"विषय अवघड आहे."

"मार्गदर्शक बदला की मग."

६ एप्रिल, रविवार

गॅरेज बंद. काही सुचेना म्हणून दारामागची चपलांची फळी पुसली. तिची उजवी चप्पल तिथे एकटी आहे. सहा महिने पडून, वाळून लाकूड झाली आहे.

डावी ऑक्टोबरात गेली. मलकापूरला तिच्या आक्काकडे गेलो होतो. परतताना गावाबाहेर इंजिन ठणाठणा आपटायला लागलं. तिला झाडाखाली सावलीत ठेवून मी मिस्त्री शोधायला चालत गेलो. मिळाला नाही. दीड तासाने आलो तर ती शेंगा खात बसली होती. "एक पावणं आलतं. बोल्ट आवळून दिला, शेंगा दिल्या, गेलं." गाडी खरोखर नीट चालली. नंतर दिलदारनेही त्या बोल्टाला पाना लावून पाहिला. घट्ट होता.

घरी आल्यावर दिसलं, डाव्या पायात चप्पल नाही. त्या पायात चप्पल राहत नाही, म्हणून संयोगिता ती रुमालाने बांधते. "सुटली आसंल वाटंत." उद्या जाऊन शोधतो म्हटलं. नको म्हणाली. पण उजवी टाकू देत नाही.

आजही पुसायला चप्पल उचलली तर खिडकीतून आवाज आला — "तितं ठेवा ती."

७ एप्रिल

चेन. तशीच.

८ एप्रिल, मंगळवार

दिलदारने स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकलं. नाडी बघणाऱ्यासारखा चेहरा. मग मूठ माझ्या कानाला लावली. मला सगळं सारखंच ऐकू आलं.

"आतलं दुखणं आसलं तर इंजिन खोलाय लागतंय. पंधरा दिस."

"पाचच आहेत."

तो फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच पुसून झाले होते.

९ एप्रिल, बुधवार

दवाखाना. संयोगिताने डोळे मिटले. डॉक्टरबाईंनी किल्लीचं टोक डाव्या तळव्यावर ओढलं. कळलं? "न्हाय." गार चमचा. "न्हाय." शेवटी सुई, टाचेला. मी तोंड फिरवलं. "टोचलीसा का अजून टोचायचीया?" तिने विचारलं. टोचून झाली होती.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाई मला म्हणाल्या, इतक्या थरथरत्या गाडीतून नेत जाऊ नका, पाठीला वाईट. संयोगिताला दारातून ऐकू गेलं. "गाडी बंद न्हाय करायची," ती म्हणाली. 

येताना चाळीसवर हात वर झाला. आज जास्त उंच होता. बोटं पसरलेली. तिचा त्रास वाढतो आहे आणि मी प्लग बदलतो आहे.

१० एप्रिल

आज काहीच बदललं नाही. गेलोच नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

सापडली!

दुपारी तीनला दिलदारचा फोन — "सर, या." इंजिनाच्या पुढच्या बोल्टाभोवती रबर असतं, इंजिनाचा हादरा ते पिऊन टाकतं, सांगाड्यात उतरू देत नाही. साइडकार बसवताना दिलदारने तिथे स्वतः नवीन रबर घातलं होतं. म्हणून गेले नऊ दिवस सगळं तपासलं, तेवढं सोडून. "माझ्या हातचं हाय म्हणून बघितलंच न्हाय," म्हणाला. शरमला होता.

बोल्ट काढला तर आत रबर नव्हतं. कातडं होतं. कुणीतरी गोल कापून ठोकून बसवलेलं. मऊ होतं तोवर निभलं असेल. उन्हाळ्यात वाळून दगड झालं. छिन्नीने उपसताना त्याचे दोन तुकडे झाले, भुगा पडला.

"हे कुणाचं डोस्कं म्हणायचं?" दिलदार हसला. "पर पावण्यानं काम इमानदारीनं केलंय."

मोठा तुकडा हातात घेतला. तीन पदर, कडेला पिवळ्या वादीची शिवण. अशीच शिवण मी रविवारी पुसली होती.

दोन्ही तुकडे खिशात टाकले. 

नवं रबर बसलं. संध्याकाळी तिला घेऊन निघालो. चाळीस — हँडल शांत. पंचेचाळीस. पन्नास. तिचा हात मांडीवर. फाट्यावर वळलो, पुन्हा चाळीस. हात मांडीवरच. परतीच्या रस्त्यावर मी गुणगुणत होतो बहुतेक. राजसला फोन करून सांगितलं. "ग्रेट, बाबा," म्हणाला. गाडी राहणार.

तिला विचारलं, बरं वाटलं ना? "व्हय," म्हणाली. जेवली नाही.

१२ एप्रिल, शनिवार

चहाच्या कपाशेजारी तो तुकडा ठेवला.

तिने बघितला. "सापडला व्हय."

"तुला माहीत होतं?"

"माझी चपल. मला न्हाय तर कुणाला ठावं आसणार? पावणं म्हणालं, रबर फाटलंय, कायतरी घालाय पायजे. त्याच्याकडं काय न्हवतं. मी म्हणलं, ही घ्या, हिचं आता काय काम हाय."

"मग सांगितलं का नाहीस? मी नऊ दिवस —"

"व्हय. बघत हुते की."

मी चिडलो. चिडून जे बोललो ते लिहीत नाही. तिने बोलू दिलं. चहावर साय धरली. मग म्हणाली —

"टाचंला कळायचं."

समजलं नाही.

"डाव्या. मार्चापास्नं. चाळीसवर गाडी आली की टाचंत मुंगी चालल्यागत व्हायचं. दुसरीकडं कुटं न्हाय, कवा न्हाय. तितंच."

डॉक्टरांना का सांगितलं नाहीस, म्हटलं.

"सुई टोचली तवा कळली न्हाय. मग ते म्हणणार, भास हाय. त्यांनी म्हणलं की मलाबी तसंच वाटणार. मग तेबी जाणार."

 मी विचारायला नको होतं ते विचारलं. काल?

"काल पाय आलाच न्हाय."

मग सावकाश, समजूत घातल्यासारखी, "तुमीच म्हणालतासा न्हवं, थरथर लागली की हात वर कर. मी तेवडंच केलं."

तो वर जाणारा हात आठवतो आहे. सात वेळा. बुधवारी बोटं पसरलेली. मी प्रत्येक वेळी वेग कमी केला.

तुकडे जुळवून पाहिले. जुळत नाहीत. मधला भाग भुगा होऊन गॅरेजच्या जमिनीवर पडला, झाडूने गेला असेल. डॉक्टर म्हणतात पाठीला वाईट. राजस उद्या दुपारी येणार, गाडी तपासणार. दिवसाला एकच गोष्ट बदलायची. कोणती, ते कुणाला विचारायचं?

१३ एप्रिल, रविवार

सकाळी सातला ती व्हीलचेअरवर दारात होती. मांडीवर उजवी चप्पल. रविवार असून दिलदारने शटर उघडलं, ऐकून घेतलं. रबर काढलं. चपलेची टाच गोल कापली, त्या जागी ठोकून बसवली. शिये फाट्याच्या अलीकडे, चाळीसवर, हात वर झाला. वेग कमी केला नाही.